उंचीवरचे शार्डोने : नारायणगावच्या इंडेज वाइनरीचा इतिहास आणि मराठवाड्यातील द्राक्षशेतीसाठी त्याचा अर्थ

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या कृषी-औद्योगिक इतिहासात साखर कारखानदारी, दुग्धव्यवसाय व सूतगिरण्या यांवर विपुल लेखन झाले आहे. त्या तुलनेत द्राक्षापासून वाइन तयार करण्याच्या उद्योगाकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. हा विषय एकतर उत्पादनशुल्काचा किंवा नैतिकतेचा मानला गेला आणि शेतकऱ्याच्या अंगाने त्याचा विचार क्वचितच झाला. वास्तविक दख्खनच्या पठारावर वाइनचे द्राक्ष लावण्याचा प्रयोग ही पीकबदलाची, भांडवलाची आणि राज्याच्या धोरणाची एकत्रित कहाणी होय.

प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या इंडेज वाइनरीचा आणि तेथे सह्याद्रीच्या उतारावर लावलेल्या शार्डोने या फ्रेंच द्राक्षवाणाचा विचार केला आहे. नांदेड-लातूर परिसरात काम करणाऱ्या अभ्यासकाला हा विषय दूरचा वाटण्याची शक्यता आहे. परंतु कापूस, सोयाबीन व ऊस यांच्या पलीकडे कोणते पीक घ्यावे, हा प्रश्न मराठवाड्यात दर दुष्काळानंतर नव्याने विचारला जातो आणि त्याच्या उत्तरात ‘वाइनची द्राक्षे’ हा पर्यायही अधूनमधून पुढे येतो. त्यामुळे हा प्रयोग जेथे प्रथम मोठ्या प्रमाणावर झाला, तेथे नेमके काय घडले हे तपासणे अगत्याचे ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) दख्खनमधील द्राक्ष व द्राक्षमद्याच्या इतिहासाचा थोडक्यात मागोवा घेणे.
२) शार्डोनेच्या लागवडीत उंचीचे महत्त्व स्पष्ट करणे.
३) इंडेज वाइनरीच्या उदयाची व अस्ताची कारणमीमांसा करणे.
४) या अनुभवाचा मराठवाड्याच्या संदर्भात अर्थ लावणे.

द्राक्षाची जुनी वाट : तेर, दौलताबाद, हैदराबाद

द्राक्षमद्य ही भारताला पूर्णतः परकी वस्तू नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसापासून होणाऱ्या मद्याला ‘मधु’ अशी संज्ञा दिली आहे. ते ज्या प्रदेशात तयार होते त्यावरून त्याला कापिशायन व हारहूरक अशी नावे असल्याचेही तेथे नमूद आहे. यांपैकी कपिशा हा प्रदेश आजच्या अफगाणिस्तानात, काबूलच्या उत्तरेस येतो. म्हणजेच मद्याची ओळख त्याच्या भूमीवरून ठरवण्याची पद्धत आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीही ज्ञात होती. या मुद्द्याकडे आपण पुढे परत येऊ.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोच बंदरात इटालियन मद्य आयात होत असल्याचा उल्लेख आहे. याच ग्रंथात पैठण व तगर येथून गाड्यांवर लादलेला माल भडोचला जात असल्याचे सांगितले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर होय. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथील उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आहेत. गोदावरीच्या खोऱ्यात येणारे हे मद्य आयात केलेले होते. येथे द्राक्षवेल रुजल्याचा स्पष्ट पुरावा मात्र मध्ययुगात मिळतो. चौदाव्या शतकात महंमद तुघलकाच्या काळी दौलताबादला आलेल्या इब्न बतुता या मोरोक्कोच्या प्रवाशाने तेथे द्राक्षे व डाळिंबे होत असल्याची आणि त्यांना वर्षातून दोनदा फळ येत असल्याची नोंद केली आहे. उष्ण कटिबंधात द्राक्षवेलीला थंडीची विश्रांती मिळत नाही आणि त्यामुळे ती वर्षभर वाढत राहते. इब्न बतुताने नोंदवलेली ही गोष्टच आजच्या द्राक्षशास्त्राचीही मुख्य अडचण आहे.

भारतात द्राक्षशेतीचा प्रसार ज्या केंद्रांतून झाला, त्यांत कृषितज्ज्ञ दिल्ली, मदुराई, सेलम व हैदराबाद यांच्या जोडीने दौलताबादचा समावेश करतात. म्हणजे मराठवाडा हा द्राक्षाच्या भारतीय इतिहासात उपराही नाही आणि उशिरा आलेलाही नाही. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘अनाब-ए-शाही’ हा वाण आला आणि पुढे दख्खनभर पसरला. तथापि हे खाण्याचे द्राक्ष होते. संस्थानातील अबकारी उत्पन्नाचा भर ताडी व मोहाच्या दारूवर होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा या भागालाही लागू झाला. त्यामुळे द्राक्षापासून मद्य करण्याचा प्रश्न येथे औद्योगिक पातळीवर उपस्थित होण्यास वावच राहिला नाही.

उंचीचे गणित

शार्डोने हा मूळचा फ्रान्समधील बर्गंडी प्रांताचा पांढरा द्राक्षवाण. शॅम्पेन प्रांतातील फसफसणाऱ्या वाइनमध्येही त्याचा वापर होतो. शॅम्पेन प्रांत सुमारे ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर नारायणगाव १९ अंशांच्या आसपास. अक्षांशातील एवढी मोठी तफावत भरून काढण्यासाठी भूगोलात एकच साधन उपलब्ध आहे व ते म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची. दर १००० मीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, हा सर्वमान्य नियम आहे.

आपल्या परिसराशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. नांदेड व नारायणगाव ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर वसलेली आहेत. परंतु नांदेडची उंची सुमारे ३६० मीटर आहे, तर इंडेजच्या बागा सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर सुमारे ७५० मीटर उंचीवर होत्या. केवळ उंचीचा हिशेब केला तरी अडीच अंशांचा फरक पडतो. बालाघाटच्या पठारावरील लातूर या दोहोंच्या मध्ये येते.

अडीच अंश ही वरवर क्षुल्लक वाटणारी संख्या आहे. वाइनच्या द्राक्षात मात्र साखर व आम्लता यांचा तोल महत्त्वाचा असतो. रात्र उष्ण असली की आम्लता झपाट्याने उतरते, साखर मात्र वाढत राहते आणि अशा द्राक्षाची वाइन बेचव होते. शार्डोनेसारख्या थंड प्रदेशातील वाणात हा दोष अधिक जाणवतो. फसफसणाऱ्या वाइनसाठी मात्र द्राक्षे पूर्ण पिकण्यापूर्वी, आम्लता टिकून असतानाच खुडावी लागतात. उष्ण प्रदेशातील उणीव या प्रकारात काही अंशी झाकली जाते. नारायणगावच्या प्रयोगाचा आरंभ फसफसणाऱ्या वाइनने झाला, त्यामागील शास्त्रीय संगती ही होय.

उंचीच्या जोडीला छाटणीचे तंत्रही तितकेच महत्त्वाचे ठरले. महाराष्ट्रातील बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो व ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. पावसाळ्यातील वाढीवर फळ न घेता हिवाळ्यात घड पोसला जातो आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान काढणी होते. युरोपात द्राक्ष उन्हाळ्यात पिकून शरद ऋतूत उतरवले जाते, तर आपल्याकडे ते हिवाळ्यात पिकते. दोनदा फळ देणाऱ्या वेलीला एकाच फळावर आणण्याची ही युक्ती येथील बागायतदारांनी खाण्याच्या द्राक्षावर आधीच आत्मसात केली होती. फ्रेंच वाणाला या मातीत उभे करण्यात फ्रेंच तंत्रज्ञांइतकाच या स्थानिक ज्ञानाचाही वाटा होता, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

नारायणगावचा प्रयोग

शामराव चौगुले या उद्योजकाने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात इंडेज समूहातर्फे नारायणगाव येथे वाइनरी उभारली. शॅम्पेन प्रांतातील पायपर-हाइडसिक या जुन्या कंपनीचे तांत्रिक साहाय्य तिला लाभले होते. डोंगराच्या उतारात बांधलेली वाइनरी, आयात केलेली यंत्रसामग्री, शार्डोने व पिनो न्वार यांसारख्या वाणांच्या बागा आणि बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवण्याची पारंपरिक फ्रेंच पद्धत असे या प्रकल्पाचे स्वरूप होते. येथील फसफसणारी वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने युरोपात निर्यात झाली आणि ‘मार्कीज द पॉम्पादूर’ या नावाने देशी बाजारात आली. महाराष्ट्रात तयार झालेली वाइन युरोपीय ग्राहकासमोर दर्जाच्या बळावर उभी राहू शकते, ही गोष्ट या प्रकल्पाने प्रथम सिद्ध केली. हे यश लहान नव्हते.

येथे नावांचा विचार करणे उद्बोधक ठरेल. एक नाव इराणी कवीचे, दुसरे फ्रेंच दरबारातील स्त्रीचे. नारायणगाव, जुन्नर किंवा सह्याद्री या भूमीचे नाव मात्र वाइनच्या नावात आले नाही. कौटिल्याच्या काळी मद्याला त्याच्या देशाचे नाव मिळत होते, तर विसाव्या शतकातील निर्यातदाराला आपली भूमी मागे ठेवणे सोयीचे वाटले. युरोपीय बाजारात भारतीय वाइनविषयी असलेला अविश्वास लक्षात घेता व्यापारीदृष्ट्या हा निर्णय समजण्याजोगा आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की प्रतिष्ठा नाममुद्रेच्या खात्यावर जमा होत गेली आणि भूमीच्या खात्यावर काहीच उरले नाही. नाममुद्रा कंपनीबरोबर बुडू शकते, भूमीची कीर्ती मात्र मागे राहते. नाशिकने पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ अशी भौगोलिक मानांकनाची नोंद करून घेतली. नारायणगाव प्रथम असूनही तेथे असे काही घडले नाही.

धोरण, तेजी आणि घसरण

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला या नावाने द्राक्षबाग लावली आणि २००० मध्ये तिची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. वाइनवरील उत्पादनशुल्कात सवलत, परवाना पद्धतीत सुलभता आणि नाशिक जिल्ह्यातील विंचूर व सांगली जिल्ह्यातील पलूस येथे वाइन पार्क, असे त्याचे मुख्य घटक होते. या धोरणानंतर अवघ्या काही वर्षांत राज्यातील वाइनरींची संख्या अनेक पटींनी वाढली. वाइनच्या द्राक्षाला हमीचा भाव मिळेल या अपेक्षेने पुणे, नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी करारावर लागवड केली.

तेजीच्या या काळात इंडेजने विस्ताराचे मोठे पाऊल उचलले. कंपनीने इंग्लंड व ऑस्ट्रेलियातील वाइन व्यवसायात भांडवल गुंतवले. २००८ मध्ये जागतिक मंदी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईतील हॉटेलांवर दहशतवादी हल्ला झाला व पर्यटन मंदावले. देशातील वाइनचा खप प्रामुख्याने मोठी शहरे, गोवा व तारांकित हॉटेले यांत एकवटलेला असल्याने मागणीला जबर फटका बसला. कर्जावर उभा राहिलेला विस्तार या धक्क्यात टिकला नाही. इंडेजची देणी थकली आणि २०१० च्या सुमारास कंपनी न्यायालयीन अवसायनाच्या प्रक्रियेत सापडली. ज्या वाइनरीने या उद्योगाचा पाया घातला, तीच प्रथम कोसळली.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. इंडेजच्या अस्तामागे हवामान नव्हते, रोग नव्हता किंवा द्राक्षाचा दर्जाही नव्हता. ७५० मीटर उंचीवरील शार्डोनेने आपले काम चोख केले होते. अपयश आले ते ताळेबंदात.

एकाच ग्राहकाचे पीक

या घसरणीचा सर्वांत मोठा भार कोणी सोसला, हा इतिहासाच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. त्यासाठी खाण्याचे द्राक्ष व वाइनचे द्राक्ष यांची तुलना करावी लागेल.

महाराष्ट्रातील खाण्याच्या द्राक्षाचा विकास मुख्यतः बागायतदारांच्या हातून झाला. थॉमसन सीडलेस हा परदेशी वाण आल्यानंतर सांगली जिल्ह्यातील बोरगाव येथील बागेतून ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील बागेतून ‘सोनाका’ हे वाण शेतकऱ्यांच्या निवडीतून पुढे आले. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० पासून कार्यरत आहे. शेतकऱ्याला या पिकाचे ज्ञान स्वतःचे होते आणि ग्राहकही अनेक होते. भाव पडला तर माल दूरच्या बाजारात पाठवता येई, निर्यातदाराला देता येई आणि तेही न जमल्यास बेदाणा करून शीतगृहात ठेवता येई.

शार्डोनेचे तसे नाही. मणी लहान, आत बिया आणि घड घट्ट असल्याने हे द्राक्ष खाण्यासाठी बाजारात चालत नाही व त्याचा बेदाणाही होत नाही. त्याला ग्राहक एकच, तो म्हणजे वाइनरी. शिवाय काढणीनंतर ते तासांच्या हिशेबाने वाइनरीत पोहोचावे लागते. वाइनरीने करार पाळला तर उत्पन्न निश्चित आणि न पाळला तर बागेतील संपूर्ण माल निरुपयोगी. द्राक्षबाग ही वर्षभराचे पीक नसून मांडव, ठिबक, खुंटरोपे यांसाठी मोठी रक्कम गुंतवून अनेक वर्षांसाठी उभी केलेली मालमत्ता असते, त्यामुळे एका हंगामात पीक बदलण्याची मुभाही शेतकऱ्याला राहत नाही. २००९-१० च्या सुमारास अनेक बागायतदारांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षाकडे वळणे पसंत केले, ते याच कारणाने.

या उद्योगात पुढे दोन वेगळे मार्ग दिसतात. सुलाने शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार करून पुरवठा वाढवला आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये ही कंपनी भाग बाजारात उतरली. दुसरा मार्ग सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथील फ्रातेल्ली या वाइनरीचा. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी २००७ च्या सुमारास तिची स्थापना केली आणि पिएरो मासी या इटालियन वाइनतज्ज्ञाच्या देखरेखीखाली फ्रान्सहून आणलेली रोपे मुख्यतः स्वतःच्या जमिनीवर लावली. शार्डोने हा तिच्या प्रमुख वाणांपैकी एक. या रचनेत जोखीम कंपनी स्वतःकडे घेते. परंतु त्यामुळे परिसरातील सामान्य शेतकरी या व्यवसायाचा भागीदार न होता फार तर मजूर म्हणून त्यात येतो. एका रचनेत शेतकऱ्याला लाभाबरोबर जोखीम मिळते, तर दुसरीत दोन्ही टळतात. लाभ शेतकऱ्याला आणि जोखीम विभागलेली, अशी सहकारी स्वरूपाची तिसरी रचना साखर व दूध या क्षेत्रांत महाराष्ट्राने उभी केली. वाइनच्या क्षेत्रात मात्र ती प्रभावीपणे रुजू शकली नाही.

मराठवाड्यासाठी अर्थ

२००१ च्या धोरणातील दोन्ही वाइन पार्क मराठवाड्याबाहेर होते. प्रादेशिक अनुशेषाची चर्चा १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून सुरू असूनही नव्या उद्योगाची जागा ठरवताना जेथे द्राक्ष आधीच समृद्ध होते तेथेच सुविधा गेल्या. यावर अन्यायाची भावना व्यक्त होणे स्वाभाविक आहे. तथापि २००९ नंतर करारावरील बागायतदारांची जी अवस्था झाली ती पाहता, मराठवाड्यातील शेतकरी त्या लाटेतून वाचला असेही म्हणता येईल. या दोन्ही विधानांत तथ्य आहे आणि पुढील विचार दोन्ही लक्षात ठेवूनच करावा लागेल.

लातूर व धाराशिव जिल्ह्यांत खाण्याच्या द्राक्षाच्या बागा आहेत. छाटणीचे कौशल्य येथे उपलब्ध आहे. उंचीच्या बाबतीत बालाघाटचे पठार नांदेडच्या गोदाकाठापेक्षा अनुकूल असले तरी नारायणगावइतके नाही. त्यामुळे शार्डोनेसारख्या थंडीच्या वाणापेक्षा उष्णता सोसणाऱ्या वाणांचा विचार येथे अधिक व्यवहार्य ठरेल. पुण्याजवळील मांजरी येथे १९९७ पासून कार्यरत असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून स्थाननिहाय मार्गदर्शन मिळाल्याशिवाय असा निर्णय घेणे धाडसाचे होईल.

पाण्याचा मुद्दा त्याहून गंभीर आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ठिबकवर वाढणारी द्राक्षवेल उसापेक्षा पाणी कमी घेते हे खरे, पण दुष्काळात ऊस एक वर्ष सोडून देता येतो. द्राक्षबाग वाळली तर अनेक वर्षांची गुंतवणूक जाते. नारायणगावच्या परिसराला कुकडी प्रकल्पाचा आधार होता, ही गोष्ट त्या प्रयोगाच्या वर्णनात सहसा झाकली जाते. डोंगरउताराची उंची सर्वांना दिसली, कालव्याचे पाणी मात्र गृहीत धरले गेले.

याशिवाय राज्याच्या धोरणातील अस्थिरता लक्षात घ्यावी लागते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि त्याच वेळी अबकारी हा राज्याच्या महसुलाचा मोठा आधार आहे. या अंतर्विरोधातून धोरण सतत हेलकावे खाते. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला. त्याला अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी प्रखर विरोध केला व तो निर्णय अमलात आला नाही. या वादात कोणाची बाजू योग्य हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. परंतु ज्या पिकाची बाजारपेठ एका मंत्रिमंडळ निर्णयाने उघडते व मिटते, त्यावर कोरडवाहू शेतकऱ्याने आपले भांडवल कितपत लावावे, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

नावाचा धडा मात्र मराठवाड्याला आजही घेता येण्याजोगा आहे. २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. ही तिन्ही नावे गावांची आहेत. कोणतीही कंपनी बुडाली तरी ही नावे गावाकडेच राहतील. जे नारायणगावला साधले नाही ते या गावांनी साध्या पिकांतून साधले आहे.

निष्कर्ष

१) दख्खनच्या पठारावर पुरेशा उंचीवर शार्डोनेसारखा थंड प्रदेशातील वाण घेता येतो, हे नारायणगावच्या प्रयोगाने सिद्ध केले. त्यात फ्रेंच तंत्राइतकेच स्थानिक छाटणीचे ज्ञान व पाण्याची उपलब्धता कारणीभूत होती.

२) इंडेज वाइनरीचे अपयश शेतीचे नसून कर्जाधारित विस्ताराचे व मर्यादित बाजारपेठेचे होते.

३) वाइनचे द्राक्ष हे एकाच ग्राहकावर विसंबणारे पीक आहे. त्यामुळे उद्योगातील मंदीचा भार अखेरीस बागायतदारावर येतो. खाण्याच्या द्राक्षाला असलेले बेदाणा व निर्यातीचे पर्याय त्याला नाहीत.

४) मराठवाड्यात असा प्रयोग करावयाचा झाल्यास उंची व माती यांच्या आधी पाण्याची शाश्वती, कराराची कायदेशीर हमी आणि शेतकऱ्यांची प्रक्रियेतील मालकी या तीन गोष्टी निश्चित व्हाव्यात.

दौलताबादच्या द्राक्षाची कीर्ती चौदाव्या शतकात मोरोक्कोच्या प्रवाशापर्यंत पोहोचली होती. म्हणजे या भूमीत वेल रुजेल की नाही, हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वीच सुटलेला आहे. वेल रुजवणाऱ्याच्या हाती हंगामाच्या अखेरीस काय उरते, हा प्रश्न मात्र नारायणगावच्या अनुभवानंतरही शिल्लक आहे आणि मराठवाड्यातील कोणत्याही नव्या पिकाची चर्चा त्यापासूनच सुरू व्हावयास हवी.